सातवी बाळी

सिल्चीने ते झाड घरी आणलं तेव्हा ते तिच्या अंगठ्याएवढं होतं. रस्ता रुंद करायला डोंगराची कड कापली होती, तांबडी माती उघडी पडली होती, आणि तिथे एका दगडाच्या आडोशाला ते तग धरून होतं. सात वर्षांची पोर. ओंजळीत मातीचा गोळा धरून दोन टेकड्या चालत आली. आमाने, आमच्या आईने, पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, मेमांग-कोक्सी कुणी घरात आणतं का?"

मेमांग म्हणजे मेलेल्याचा जीव. कोक्सी म्हणजे खेकडे धरायला जाताना आम्ही कमरेला बांधतो ती निमुळत्या तोंडाची बांबूची टोपली. या झाडाच्या पानाचं टोक वाढत वाढत दोरा होतं, दोऱ्याच्या शेवटी एक करंडी धरते, करंडीला झाकण, आत पाणी. माशी येते, काठावरचा मध चाटते, पाय घसरतो, आत जाते. मागे येत नाही. पुस्तकात याला घटपर्णी म्हणतात. आमच्या लोकांनी ठेवलेलं नाव लांबून पाहून, हात मागे बांधून ठेवलेलं आहे.

"घरात कुठे? ओसरीखाली ठेवते," सिल्ची म्हणाली.

"राहू दे गं," आपा, आमचा बाप, तिला म्हणाला. आमच्यात नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो, घर बाईचं, नाव बाईच्या कुळाचं. "परक्या जागेतून आणून इथे लावलेला मी एकटाच होतो. आता दोघं झालो."

असं ते झाड आमचं झालं. सिल्चीने ते चुकत चुकत वाढवलं. विहिरीचं पाणी घातलं, पानांची टोकं करपली. शेण घातलं, अर्धं झाड झोपलं. मग तिला कळलं. "याला उपाशी माती लागते, आबी," ती मला सांगायची. थोरल्या बहिणीला आम्ही आबी म्हणतो. "पोटभर दिलं की मरतं." नदीची वाळू, वाळलं शेवाळ, नेच्याची मुळं, चुलीतले कोळशाचे तुकडे. पाणी फक्त आभाळाचं, रांजणात धरून ठेवलेलं. आणि पाणी शिंपताना एक गाणं. ते तिनेच जुळवलेलं होतं, नावांग नावाच्या राक्षसाला चकवायचं.

करंडी करंडी, झाकण लाव,
येईल नावांग, पुसेल गाव.
सांग त्याला, इथं कुणी नाही,
पाणी आहे थोडं, नि माशीबाई.

गाणं संपलं की ती ओसरीखाली लपायची आणि आम्ही तिला शोधायचो. सापडली तरी सापडली नाही असं म्हणायचो.

पुढे मी तुरा शहरात गेले, एका सरकारी रोपवाटिकेत लागले. मला ती नोकरी कशी मिळाली, तर मुलाखतीत साहेबाने विचारलं, या झाडाला खत कोणतं, आणि मी म्हणाले, भूक. ते उत्तर माझं नव्हतंच.

ज्या साली ही गोष्ट झाली त्या साली सिल्ची सतरा वर्षांची होती. श्रावणातल्या पावसात तिला ताप भरला. आठ दिवस. चेहरा काळवंडत गेला, आणि नवव्या सकाळी घराची वारसदार, आमाची धाकटी, गेली.

मी पोचले तेव्हा शवपेटी उघडी होती. आमाच्या हातात बांबूचं एक नळकांडं होतं. तिच्या आईच्या पितळी बाळ्या त्यात होत्या. जुन्या बायका एकेका कानात अशा कितीतरी घालायच्या, कानाची पाळी खांद्याला टेकायची. त्या नुसत्या नटण्यासाठी नव्हत्या. बालपाक्रमला, मेलेल्यांच्या पठाराला, जाणाऱ्या वाटेवर नावांग बसलेला असतो. येणारा जीव गिळतो. पण पितळ दिसलं की त्याला राहवत नाही. मेलेली बाई कानातल्या बाळ्या काढून वाटेवर उधळते, तो वाकून वेचत बसतो, तेवढ्यात ती निसटते. प्रार्थनाघरात जाणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही.

"दिमजे, ते आत ठेव," जेंगनांग मामा आमाला म्हणाला. आमच्या घरात आईच्या भावाचा शब्द बापाच्या शब्दाहून जड, आणि मामा तर प्रार्थनाघराचा वडीलधारा. "पोर देवाच्या घरी निघालीय. बाजाराला नाही."

आमाने नळकांड्याचं बूच लावलं. आपाने छपराकडे पाहिलं. आणि मी पेटीपाशी उभी होते, माझ्या दोन्ही कानांत दोन पितळी बाळ्या. माझ्या जन्माच्या वेळी आजीने दिलेल्या. दोन वर्षांपूर्वी वांगाळाच्या, सुगीच्या सणाच्या, नाचाला सिल्चीने त्यांतली एक मागितली होती. "एकच दे, आबी. एका कानात घालीन, दुसरा केसांत झाकीन." मी म्हणाले होते, "हरवशील." ती रुसली नाही. तिने कानात चाफ्याचं फूल खोवलं आणि नाचायला गेली.

त्या दिवशी पेटीपाशी मी हात कानाकडे नेला, आणि केस मागे सारल्यासारखं करून खाली घेतला. पेटी बंद झाली.

*

कार्तिकात आपाचा निरोप आला. "ये. तुझी आई झाडाला वाढते आणि स्वतः जेवत नाही."

मी पोचले ती दुपारची वेळ होती, पण धुकं असं उतरलेलं की घराचे खांब कमरेपासून खाली दिसतच नव्हते. घर अधांतरी बसल्यासारखं वाटत होतं. झाड आता अंगठ्याएवढं राहिलं नव्हतं. खांबाला वेढे घालत ओसरीवर चढलं होतं, कठड्यावरून पसरलं होतं. ठिकठिकाणी करंड्या लोंबत होत्या. आणि पाहता पाहता माझ्या अंगावर काटा आला.

सगळ्या करंड्यांची तोंडं दाराकडे होती.

झाड उजेडाकडे वळतं. उजेड दरीच्या बाजूला होता. या करंड्या घरातल्या अंधाराकडे तोंड करून, झाकणं अर्धी वर उचलून, कुणी हाक मारायची वाट पाहत असल्यासारख्या होत्या.

"आलीस?" आमा म्हणाली. ती कठड्यापाशी चटईवर बसली होती. तिची मनगटं पाहून मला रडू आलं. "हळू चाल. ती दचकते."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बहीण."

वारा नव्हता. तरी एक करंडी हलली आणि आतून आवाज आला. टिंग.

मी वाकून पाहिलं. तळाशी हिरवट पाणी, पाण्यात पितळी बाळी.

आमाने मला सगळं शांतपणे सांगितलं, भाताला किती पाणी घालायचं ते सांगावं तसं. "तिच्याकडे बाळ्या नाहीत. वाटेवर तो बसलाय. मग ती कशी जाणार? लहानपणी लपायची तशी लपलीय, करंडीत. मी तिला मोठ्याने कबूल केलंय, सात देईन. नळकांड्यात सातच होत्या. एकेका करंडीत एकेक घातली. आता निघेल म्हणाले. पण निघत नाही, सेंगमे. उलट काळवंडतेय. बघ. तापात काळवंडली होती, तशी."

ते खरं होतं. ज्या सात करंड्यांत बाळ्या होत्या त्या बुडापासून काळ्या पडत चालल्या होत्या. एक तर पूर्वीच गळून पडली होती, तिचा वाळका दोरा तेवढा लोंबत होता. आता पानांवरही डाग उतरले होते.

"तू जेवत का नाहीस?"

"ती निघाली की जेवेन."

"आणि नाही निघाली तर?"

"तर शेवटची करंडी वाळेपर्यंत मी आहे. पुढे मग दोघी मिळून जाऊ. वाटेवर एकटीने कशाला जायचं पोरीने?"

आत चुलीपाशी आपा ताटली आपटत होता. कुणी ऐकत नसलं की तो भांडी आपटतो. "तिला सांग," तो आतूनच ओरडला, "मेलेल्याला सोबत करायला माणसं पुष्कळ असतात! जिवंत नवऱ्याला भात कोण वाढणार?"

"हाताने घे," आमा म्हणाली.

मला कारण माहीत होतं. रोपवाटिकेत एकदा कुणीतरी पितळी तारेने पाट्या बांधल्या होत्या, महिन्याभरात रोपांची आख्खी रांग काळी पडली. करंडीतलं पाणी आंबट असतं, धातू त्यात विरघळतो, आणि उपाशी मातीत वाढलेल्या झाडाला तेवढंही सोसत नाही. मी आमाला ते सांगितलं. सोप्या शब्दांत, दोनदा.

"तुझ्या सरकारी झाडांना असेल," ती म्हणाली.

"आमा, बाळ्या काढल्या नाहीत तर झाड मरेल."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नाही, कानांकडे. "काढ. पण मग ती तुझ्या हाताने मरेल. दुसऱ्यांदा."

मी रांजणात पाणी किती उरलंय ते बघायला उठले.

*

मी झाडाची चाकरी सुरू केली. सकाळी रांजणातलं पाणी फवारायचं. कोरडे दिवस आलेले, म्हणून कठड्याला ओली पोती टांगायची, धुकं आत धरून ठेवायला. सडलेली पानं खोडाशी कापायची, कात्री राखेने पुसायची. मुळांशी नवं शेवाळ. हे सगळं चालू असताना आमा बसून असायची, आणि मधूनच करंडीशी बोलायची. "आज सुक्या मासळीचं नाखाम केलंय गं आपाने. तिखटजाळ. तुला आवडतं तसं." ती थांबायची, मान कलती करायची, आणि ऐकून झाल्यावर हसायची. तिला काय ऐकू येतं ते मी कधी विचारलं नाही. मला भीती होती की ती सांगेल.

चौथ्या दिवशी दुसरी करंडी गळली. बाळी फळीवर पडली, घरंगळली, आणि दारापाशी जाऊन आडवी झाली. आमाने ती उचलून तिसऱ्याच, नव्या कोवळ्या करंडीत टाकली. मी पाहत राहिले. त्या दिवशी तिने पेजही घेतली नाही.

दुपारी ती बसल्या जागी पेंगली. धुकं कठड्यावरून ओसरीत येत होतं. मी ठरवलं, आता एक तरी काढायची. त्या नव्या करंडीत दोन बोटं घातली.

पाणी गार असायला हवं होतं. ते गरम होतं. तापलेल्या पोराच्या तोंडात बोट घालावं तसं गरम. आणि तळाशी, बाळी जिथे लागायला हवी तिथे, माझ्या बोटाच्या टोकाला काहीतरी हळूच वेढलं. तान्ह्या मुलाने पकडावं तसं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

मी हात उपसला. मागे गाण्याची शेवटची ओळ कुणीतरी तोंडातल्या तोंडात म्हणत होतं. वळून पाहिलं तर आमा झोपेत पुटपुटत होती. आमाच असेल. तिचे ओठ हलत होते की नव्हते, ते धुक्यात मला नीट दिसलं नाही.

संध्याकाळी मामा आला. जोडे काढून ओसरीच्या दूरच्या टोकाला बसला, झाडापासून चार हात लांब. "दिमजे, झाडाशी बोलतेस. देवाशी बोल."

"देवाशी तूच बोललास ना दादा, त्या दिवशी?" आमा म्हणाली. "माझ्या वाटणीचं पण बोलून घेतलंस."

मामाने जोडे घातले. जाताना पायऱ्यांवर मला म्हणाला, "मी म्हणालो ते चुकलं असेल का गं?" मोठ्या माणसाने असं विचारलं की आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. मी म्हणाले, "मामा, मला पण बोलता आलं असतं."

*

त्यानंतर दोन दिवसांनी गोंजिंग आजोबा आला. गावात जुन्या रीतीचा उरलेला शेवटचा पुजारी. सगळे त्याला आच्चू म्हणतात, म्हणजे आजोबाच. तो ओढ्यावरून येत होता, कमरेला कोक्सी, कोक्सीत खेकड्यांची खुडबुड.

"तोंड ओलं करायला काही आहे का?" तो पायरीवरून म्हणाला. "की तुझ्या भावाने तांदळाच्या दारूचं मडकंपण प्रार्थनेला नेऊन बसवलं?"

आपाने मडकं आणलं. त्यालाही निमित्तच हवं होतं. आच्चू एक घोट घेऊन वर आला, आणि झाडापाशी पोचताच थबकला. नाकाने हुंगलं. एका करंडीत डोकावला. दुसरीत डोकावला. मग कठड्याला धरून सावकाश खाली बसला.

"आयाओ! दिमजे, हे कुणी केलं?"

"मी. लेकीसाठी."

"बाळ्या यात घातल्यास?"

"सात."

आच्चूने कमरेची कोक्सी सोडून आमासमोर ठेवली. "हे काय आहे?"

"कोक्सी. मला काय विचारता?"

"यातला खेकडा कुणाचा?"

"तुमचा."

"मी ओढ्यात उतरलो, वाकलो, दगड उलटले, दोनदा आपटलो, तेव्हा हे चार मिळाले. माझी कंबर मोडली. आणि समज, तू ओढ्यावर येऊन आयते खेकडे माझ्या टोपलीत टाकलेस, तर मी वाकेन कशाला?" त्याने करंडीकडे बोट दाखवलं. "ही कुणाची टोपली आहे? नाव काय हिचं? त्या वाटेवर टोपली घेऊन कोण बसतो? बाळ्या उधळायच्या असतात, बाई. उधळल्या की तो वाकतो, वाकला की त्याची पाठ होते, पाठ झाली की पोर निसटते. तू त्याच्या टोपलीत आयत्या भरल्यास. तो बसलाय आरामात, मांडीवर टोपली घेऊन. बघतोय दाराकडे. आणि पोर त्याच्या समोर अडकलीय."

आमाच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. करंड्या दाराकडे तोंड करून स्तब्ध होत्या. आपाच्या हातातला पेला कलंडला. इतके दिवस त्या करंड्यांतून आपली सिल्ची पाहतेय असं आम्ही समजत होतो.

"काढा," आमा म्हणाली. "सगळ्या काढा."

"तुझ्या हाताने घातल्यास, तुझ्याच हाताने काढ. करंडी फाडू नकोस. नुसती कलती कर, जशी पाणी ओततेस." आच्चूने खेकड्यांची टोपली पुन्हा कमरेला बांधली. "आणि रात्रीबित्रीची वाट पाहू नका. तो रात्रीचा जागाच असतो. भरदुपारी, धुकं पडलं की निघू."

आमाने एकेक करंडी तळहातावर घेतली, आजारी माणसाची मान उचलावी तशी, आणि कलती केली. हिरवं पाणी, माश्यांचे पंख, आणि बाळी. सहज पडल्या. माझ्या बोटाला जिने धरलं होतं ती करंडीही सहज रिकामी झाली. एक, दोन, तीन. सहा.

"सातवी?"

सातवी पहिल्या गळून पडलेल्या करंडीतली. ती गळली तेव्हा आमा उपासाच्या ग्लानीत होती, बाळी कुठे पडली ते तिने पाहिलं नव्हतं. आम्ही फळ्यांच्या फटी पाहिल्या, ओसरीखाली उतरलो, शेवाळ हाताने चाळलं, मुळांशी चिमटीने माती उकरली. आपा कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालून आला. नाही.

"सहा घेऊन चल," आच्चू म्हणाला.

"मी तिला सात म्हणाले होते." आमा मातीत बसली. "ती सातांची वाट बघत थांबेल. सहा पडतील आणि ती सातव्या आवाजासाठी उभी राहील, आणि तो वेचून उठेल. ती तशीच आहे. सांगितलेलं मोजून घेणारी." तिने सहा बाळ्या पदरात गुंडाळल्या. "सातवी मिळेपर्यंत मी उठणार नाही."

मी तिला पाहत होते. खोल गेलेले डोळे, मातीने भरलेली नखं. ती आणखी एक आठवडाही काढणार नाही हे मला दिसत होतं, आपालाही. मी खांबामागे गेले, जिथे सिल्ची लपायची. उजव्या कानातली बाळी काढली. ती फार चकचकीत होती. करंडीतून सांडलेल्या त्या हिरव्या पाण्यात ती घोळली, राखेत लोळवली, शेवाळात दाबली, आणि ओरडले, "सापडली!"

आमाने हात पुढे केला. बाळी पाहिली. मूठ मिटली. उठून उभी राहिली.

*

गावाच्या शेवटच्या घरापुढे वाट फुटते. एक नदीकडे जाते, दुसरी खडकांवरून पूर्वेला, बालपाक्रमच्या दिशेला. तिकडे सरपण आणायलाही कुणी जात नाही. धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आच्चू पुढे, मध्ये आमा, मागे मी. तिला आधार द्यावा लागत होता. आपा फाट्यापाशी थांबला. तो म्हणाला, "मी परक्या कुळाचा, माझं पितळ ते ओळखणार नाहीत." आणि पाठ फिरवून डोळे पुसत राहिला.

"नाव घ्यायचं नाही," आच्चू म्हणाला. "मागे पाहायचं नाही. पाठमोरी उभी राहा आणि खांद्यावरून टाक."

आमा खडकाकडे पाठ करून उभी राहिली. पहिली टाकली. खडकावर पितळ वाजलं, टिंग, घरंगळत गेलं. दुसरी. टिंग. तिसरी. चौथीनंतर आमच्या पाठीमागे काहीतरी जड हललं. पायांचा आवाज नव्हता. एखादा मोठा माणूस गुडघ्यावर हात टेकून वाकतो, तेव्हा अंगातून निघणारा उसासा होता. धुकं त्या बाजूने गरम झालं. आच्चूने माझं मनगट घट्ट धरलं. पाचवी. सहावी, टिंग, टिंग.

आमाने सातवी टाकली.

ती वाजली नाही.

आम्ही तिघं श्वास धरून उभे होतो. मागे खडकच खडक होते, गवताची काडी नाही. पडली असती तर वाजलीच असती. कुणीतरी वरच्या वर झेलली होती. मग एक वारा आमच्यामधून गेला, अगदी बारीक, धावत जाणाऱ्या पोरीचा पदर लागावा एवढा, आणि तो पूर्वेला गेला.

"चला," आच्चू म्हणाला. "सरळ पुढे बघून."

घरी आल्यावर आमा चुलीपाशी बसली. "भात आहे का?" तिने विचारलं. आपाने तिला नाखामचा रस्सा वाढला, आणि वाढताना तिच्याकडेच बघत राहिला, अर्धा चुलीत सांडला. "नीट वाढ," आमा म्हणाली. "इतके दिवस हाताने घेत होतास ना?"

*

मी तुऱ्याला परतले नाही. घराला वारस हवा होता, आणि झाडाला माणूस. काळी पडलेली सगळी पानं मी कापली, मुळं आभाळाच्या पाण्यात धुतली, माती बदलली. नवी उपाशी माती. उरला एक बोटभर हिरवा शेंडा. पौषात त्याने एक पान काढलं, पानाने दोरा सोडला, दोऱ्याने टोकाशी गाठ धरली. गाठ फुगली. करंडी झाली. झाकण अजून घट्ट मिटलेलं, कडा चिकटलेल्या, सुई जाणार नाही अशा. उघडण्याआधीच आत पाणी भरतं, हे मला माहीत होतं. किती भरलं ते पाहावं म्हणून एका सकाळी मी तिला टिचकी मारली.

टिंग.

मी पुन्हा मारली. बंद करंडी. तिच्यात मुंगीसुद्धा गेलेली नव्हती. टिंग.

"काय वाजलं गं?" आमाने आतून विचारलं.

"काही नाही, आमा."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. करंडीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ बसली आणि माझे केस उजव्या कानामागे सारले. त्या कानाची मोकळी पाळी तिने अंगठा आणि बोटात धरली, लहानपणी कान टोचल्यावर धरायची तशी.

"दोन महिने केस पुढे घेऊन फिरतेस," ती म्हणाली. "मी लेकींची आई आहे. माझ्या घरातले कान मला मोजता येत नाहीत, असं वाटलं होय तुला?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तिने मागितली होती ना, तुझ्याकडे? मला सांगितलं होतं तिने. म्हटलं, मिळतेय तर घेऊ दे." आमाने करंडीला हात लावला नाही. "तुझी घेतली, तिची परत केली. हिशेबाची पक्की कार्टी."

"उघडू का?"

"नको. तिचं तिला उघडू दे."

माघ सुरू होताना झाकण उचललं गेलं. आम्ही दोघी सकाळी पाहायला गेलो, तर करंडीचं तोंड दाराकडे नव्हतं. वाटेकडे होतं, पूर्वेला. आत स्वच्छ पाणी, तळाशी आजीच्या नळकांड्यातली ती हरवलेली सातवी बाळी. पितळ घातल्यावर करंडी आठवड्यात काळी पडायला हवी. ही पुढच्या पावसाळ्यापर्यंत हिरवी राहिली. नंतर कधीतरी वाळली, तेव्हा मी ती दोऱ्यासकट मातीत पुरली, बाळीसकट.

आता त्या झाडाची पिल्लं ओसरीभर आहेत. पाणी शिंपताना मी तेच गाणं म्हणते. उजव्या कानात मी पुन्हा काही घातलं नाही. आणि भरदुपारी धुकं उतरलं की त्या मोकळ्या पाळीला हलकासा भार जाणवतो, कुणीतरी मागे उभं राहून घालून बघत असल्यासारखा. मी मान हलवत नाही. बघू दे म्हणते. तिचं बघून झालं की आपोआप हलकं होतं.